तुझ्या तेराव्याला जेवलेली बाई

आई, तुझ्या गावाला जाऊन आले. गाडी तुझा नातू चालवत होता. तू गेलीस तेव्हा तो जन्मलाही नव्हता. घाट उतरलो, मग लाल जांभ्याचं उघडं पठार लागलं, तुमच्याकडचा सडा, आणि सडा संपतो तिथं एकदम कडा. कड्याखाली तुझी वाडी. हा रस्ता आबांनी केलेला, हे तूच सांगायचीस. रस्त्याच्या कामावर मिस्त्री म्हणून ते तिकडं गेले, सुरुंग लावून कडा फोडला, आणि रस्ता झाल्यावर त्याच रस्त्यानं तुला हिंगोलीला घेऊन आले. माहेरच्या कुणालाच ते पटलं नव्हतं, एवढं मला माहीत होतं.

हिंगोलीत तुझं बोलणं कुणाला समजायचं नाही. तू चुलीपुढं बसून मला सांगायचीस, की तुझ्या पणज्याच्या पणज्यानं आरमारात वल्ही मारली, की खाडीच्या तोंडावरच्या किल्ल्याचा तट अजून लाटा खातो, पण हलत नाही. आजी दारातून म्हणायची, "काय बोलून राहिली ग बाई तू? आमाला कायबी समजंना." मला ताप आला की तू माझ्या उशाशी बसून गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचीस आणि दर वाक्याला मी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तुझ्या मुलखाचा आणि आमच्या मुलखाचा 'व्हय' तेवढा सारखा निघाला होता.

नारळी पौर्णिमा आठवते. तू हिरवं लुगडं नेसून, माझं बोट धरून कयाधूवर निघालीस. आजीनं विचारलं, "नारळ नदीत काहून टाकायचा? घरात लेकरं हायेत."

"दर्याक दिल्याशिवाय होडी सोडूक नाय," तू म्हणालीस.

"इथं कुणाची होडी हाय?"

तू माझं बोट ओढत पुढं निघालीस. त्या साली पाऊस ओढलेला, नदीला घोट्याएवढं पाणी. नारळ तरंगला नाही, वाळूत रुतून बसला. तू वाकून त्याला पुन्हा पुन्हा पुढं ढकलतेस, आणि पलीकडं धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघतायत. घरी येताना म्हणालीस, "यंदा भावाशीक सांगूया, आपल्याक न्हेवक ये." तू सणासुदीला मामाला कार्ड टाकायचीस. उत्तर आलं नाही की म्हणायचीस, दर्यावर असतील, कधी लिहिणार. तू गेलीस त्या दिवशीही आबांनी तार केली. मामा येईल म्हणून दिवस मावळेपर्यंत तुला उचललं नव्हतं. आजीच म्हणाली, "भावाला बघू द्या, लई आस होती तिला."

वाडीत मामाचं घर राहिलेलं नाही. त्या जागी पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या झाल्यात, रंगीत. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं मुंबईला. शेजारच्या पडवीत एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. मी तुझं नाव सांगितलं. तिचे हात थांबले.

"ता गेला मां," ती म्हणाली. "घाटार लगीन करून गेलेला. पयल्याच बाळंतपणात गेला."

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. पण तिनं तुझ्या हनुवटीवरचं गोंदण सांगितलं, आबांचं सुरुंगाचं काम सांगितलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याच्या भावान. तेराव्याचा जेवाण घातल्यान सगळ्या वाडीक. मी स्वतः जेवलंय." आणि मग हळूच, "लय रडलो तो."

मामानं रागात 'ती मेली आम्हाला' म्हटलं असेल, आणि बोललेलं निभावायला पंगत बसवली असेल. की त्याला तसंच मानायला सोपं गेलं? विचारायला आता कुणी नाही. तू इकडं भाकरी थापत होतीस, मला न्हाऊ घालत होतीस, आणि तिकडं तुझ्या नावानं पानं मांडून झाली होती. तुझी सगळी कार्डं एका मेलेल्या बाईची कार्डं म्हणून त्या घरात पडत राहिली.

मी म्हटलं, "मी तिचीच लेक. पहिलीच."

म्हातारीनं माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. "ना गो," ती म्हणाली. "ता पोर पण गेला मां." मग मला पाणी दिलं, जपून जा म्हणाली, आणि सुपाकडं वळली. मी वाद घातला नाही. कशाच्या जोरावर घालणार होते? इकडं तुला 'ती कोकणातली' म्हणणारेही आता उरले नाहीत. तिकडं तर आपण दोघी केव्हाच मेलेल्या.

पोरगं म्हणालं, "मम्मी, एवढं लांब आलोय, खाली समुद्रावर जाऊन येऊ." गेलो. वारा होता, खडकावर पाणी आपटत होतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं.

हे तुला कळू नये असंच वाटतं, तरी लिहून ठेवतेय, म्हणजे डोक्यातून तरी जाईल. आणि एक. तुझा दर्या मला आवडला नाही, आई. मी भ्याले, आणि पाण्याला पाय न लावताच माघारी फिरले.