आई आराम करत आहेत

३ मार्च

आज रुजू झाले. वृद्धनिवासाची व्यवस्थापक! पगार यथातथाच, पण आईला कोपऱ्यातली खोली फुकट. त्यासाठी मी इथली झाडूवालीसुद्धा झाले असते. भावाने फोनवर ‘तायडे, ग्रेट आहेस तू’ म्हणून आपला वाटा उचलला.

प्रत्येक खोलीच्या छताला, न्हाणीघरातही, वाटीएवढी पांढरी डबी आहे. कॅमेरा नाही, नुसता सेन्सर. माणूस पडलं की डबीवरचा हिरवा दिवा लाल होतो, ऑफिसात घंटा वाजते, घरच्यांच्या फोनवर निरोप जातो. आईने तिचं नाव ‘धाकटी सून’ ठेवलं. थोरलीने कधी इतकं टक लावून पाहिलं नाही, म्हणाली.

९ मार्च

धाकटी सून कजाग निघाली. कुणी खुर्चीत धपकन बसलं, घंटा. पांघरूण घसरलं, घंटा. चप्पल शोधायला वाकलं, घंटा. मावशी, म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या मदतनीस, यांनी गुरुमंत्र दिला: पळायचं नाही, ऑफिसातल्या संगणकाच्या पडद्यावर ‘पडलेले नाहीत’ दाबायचं, मग सावकाश बघून यायचं. जमलं तर. मॅडम, गुडघे आपले आहेत, ते काय मालक बदलून देणारेत का, असं त्यांनी विचारलं. पटलं. मीही दाबते.

डब्या बसवणारा तंत्रज्ञ खूश आहे. यंत्र तुमच्याकडूनच शिकतं, म्हणाला.

२१ मार्च

घंटा जवळजवळ थांबली. मालक केक घेऊन आले. फाटकावर फलक लागला: ‘इथे कुणी पडत नाही.’ भावाला रोज निरोप जातो, ‘आई आराम करत आहेत.’ तो उलट एक लाल बदामाचं चित्र पाठवतो. मातृभक्ती पूर्ण.

आईच्या मांडीवर काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाली, परवा पलंगावरून घसरले. दिवा लाल झाला आणि लगेच हिरवा. म्हटलं, तू पाहिलंस वाटतं, येशील. मग उठले आपली आपण.

पाहिलं नव्हतं. दाबलं होतं.

२६ मार्च

पाचव्या खोलीतले पोस्टमास्तर गेले. मावशी चहा घेऊन गेल्या, तर पलंग आणि भिंतीच्या फटीत, जमिनीवर, गार. वर हिरवा दिवा. पडद्यावर ‘आराम करत आहेत’. मुलाच्या फोनवरही सकाळपासून तेच.

तंत्रज्ञ म्हणाला, यंत्राची चूक नाही. असं पडणं म्हणजे पडणं नव्हे, हे तुम्हीच शिकवलंत. सगळं पुसून पहिल्यापासून शिकवावं लागेल. मालक म्हणाले, घाई नको. फलकाचा रंग अजून वाळायचाय.

२८ मार्च

आता एकेका खोलीत स्वतः डोकावते. मावशी हसतात. दिवा हिरवा दिसला की आधी पलंगामागची फट बघते. आईला बजावलंय, एकटीने न्हाणीत जायचं नाही. ती म्हणते, धाकटी आहे की.

३० मार्च, दुपार

डोकावले, तर आई न्हाणीत पडलेली. धावले. फरशी ओली— मीही. कंबरेत काहीतरी मोडलं. पाय उचलत नाही. फोन ऑफिसात. खिशात ही वही नि पेन्सिल, एवढंच. शेजारी कपड्यांचं मशीन धडधडतंय. हाक कुणाला ऐकू—

वर दिवा. हिरवा.

हात हलवला. हिरवाच.

आई वर बघून म्हणाली, सूनबाई, बघ की गं. त्यानंतर बोलली नाही.

भावाला निरोप गेला असेल. बदाम आला असेल—

मशीन थांबलं. मावशींच्या चपला. ऑफिसाशी थांबल्या. पडदा बघत असतील. दोघी आराम—

ओरडायला श्वास पुरत—

चपला लांब चालल्या. बादली बोटाला लागतेय. लोटते. मावश—