टाकीचा तडा
रविवार, संध्याकाळ

टाकी गळायची थांबली एकदाची! हातांना पेट्रोलचा वास येतोय, साबण लावूनही.

माथेरानच्या पायथ्याशी माझी मोटारसायकल दगडावर पडली आणि प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला. चिकटवलेलं काही टिकेना. गॅरेजवाले म्हणाले, "नवीन टाका." पण ही टाकी आता मिळतेय कुठे? मुलीनं मोटारसायकल घेतली हेच बाबांना पटलं नव्हतं.

टाकी धुऊन वाळवली होती. तरी आज सकाळी पुन्हा हुंगून पाहिली. वास राहिला असता तर भडकाच. मग बाल्कनीत बसून सोल्डरिंग आयर्नच्या गरम टोकानं प्लास्टिकची पट्टी तड्यात वितळवू लागले. टाकी सारखी हलत होती. तेवढ्यात बाबा आले, आधी स्वतः हुंगून खात्री केली आणि दोन्ही हातांनी टाकी घट्ट धरून बसले.

"सावकाश. घाई नको."

बस, एवढंच बोलले. पाणी भरून पाहिलं, मग पेट्रोल. एक थेंब नाही!

मी भीत भीत विचारलं, "सुकापूरपर्यंत चक्कर मारायची?"

"चल. माझं हेल्मेट काढ."

म्हणजे मी त्यांच्यासाठी घेऊन कपाटात लपवलेलं हेल्मेट त्यांनी केव्हाच पाहिलं होतं?