नानांचं फावडं

भुसावळ, १० जानेवारी २०२५

ती. नाना यांस, नात सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. वाफेच्या ज्या इंजिनाच्या भट्टीत तुम्ही जन्मभर कोळसा टाकला, ते तेलावर चालवायचं काम माझ्याकडे आलंय. ठिणग्यांनी रुळाकाठचं गवत पेटतं म्हणून कोळशाला परवानगी नाही. दोंडाईचापर्यंतची चाचणी जमली तर इंजिन धावेल, नाहीतर चौकात चौथऱ्यावर कायमचं उभं राहील. फार धाकधूक वाटते. स्टेशनवर याल ना?

आशीर्वाद असू द्या.
सुलक्षणा

दोंडाईचा, १६ जानेवारी

चि. सुलक्षणा हीस अनेक आशीर्वाद.

माझ्या इंजिनाचा तू स्टोव्ह केलास, माय! आम्ही फायरमन फावड्यावर वांगी भाजायचो, त्या भरिताची सर घरच्या चुलीला नव्हती. तेलावरचं भरीत कोण खाईल? आमचा ड्रायव्हर झुलाल म्हणतो, नात तुनीच शे, ऐकाव नही. आहेस खरी माझ्यासारखीच हट्टी. मी येणार नाही. फावडं भिंतीवर टांगलंय, तिथेच बरं. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा नाना

भुसावळ, २२ जानेवारी

ती. नाना यांस सा. न.

भरिताचा मुद्दा मान्य! पण तेलाची काजळी इंजिनाच्या नळ्यांत साचते आणि वाफ उतरते. मग धावत्या इंजिनाच्या भट्टीत वाळू फेकावी लागते, ती नळ्या घासत धुराड्यातून निघून जाते. फेकायची फावड्यानेच. परवा सराव करताना सगळी वाळू माझ्याच बुटांत गेली. साहेबांकडून तुमच्यासाठी परवानगी काढली आहे. रविवारी चाचणी आहे, अमळनेरला इंजिनावर चढा. फावडं घेऊन या.

वाट पाहते.
सुलक्षणा

दोंडाईचा, २७ जानेवारी

चि. सुलक्षणा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

नरडाणा सोडल्यावर वाफेचा काटा उतरू लागला. तुझा चेहरा मात्र शांत होता. तू वाळू म्हणालीस आणि हात जुन्या सवयीने वळले. धुराड्यातून काळाकुट्ट लोट गेला, मागून स्वच्छ आभाळ दिसलं, काटा वर चढला. खरं सांगतो, इतका अभिमान मला माझ्या नोकरीतही कधी वाटला नव्हता. दोंडाईचा स्टेशनवर लोक माझा फोटो काढायला लागले, तर मी त्यांना ओरडून सांगितलं की भट्टी माझ्या नातीने बांधली आहे, आधी तिचा काढा. स्टेशनवर आलेला झुलाल अजून डोळे पुसतोय आणि डोळ्यांत काजळी गेली म्हणतोय.

फावडं परत टांगलेलं नाही, दाराशी ठेवलंय. पुढच्या फेरीचा दिवस कळव. वांगी घरूनच भाजून आणीन.

तुझा फायरमन,
नाना