सातव्या दारातला सेनापती

लष्कर, ग्वाल्हेर
२० डिसेंबर १९५६

प्रिय सूर्या,

तू पाठवलेला ‘अंधारगड’चा सहावा भाग काल पुन्हा वाचून संपवला आणि पुन्हा त्याचा शेवट तोच निघाला. मला आशा होती की मागची दोन पानं एकमेकांना चिकटली असतील, घाईत माझ्याकडून काही गळलं असेल. तसं काही नाही. तुझ्या त्या लेखकाने खरोखरच म्हाताऱ्या सेनापतीला सातव्या दारात एकटं उभं केलं आहे, गडाखालून सावट चढत येतं आहे, आणि खाली ठळक अक्षरात छापलं आहे, ‘सहावा भाग समाप्त’. ही काय रीत झाली? शत्रूलाही माणसाने असं जेवत्या पानावरून उठवू नये.

तू म्हणतोस, तो तुझ्या छापखान्यातल्या ओळखीचा आहे, टोपणनावाने लिहितो आणि फारसा कुणाला भेटत नाही. नाही भेटत तेच त्याच्या हिताचं आहे. निदान माझ्या वतीने एवढं विचार, की त्या आचाऱ्याने त्याचं काय बिघडवलं होतं? राणी मृगांका गेली, मी सोसलं. राजपुत्रांनी एकमेकांवर तलवार उपसली, तेही सोसलं. राजपुत्र दुसरं काय करणार? पण सगळ्या गडाला रांधून वाढणारा, कुणाला तिखट चालत नाही आणि कुणाला ताकाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही हे ध्यानात ठेवणारा तो गरीब माणूस! त्याला सावटाने नेलं. आणि सावट ज्याला नेतं त्याचं नावदेखील मागे राहिलेल्यांना आठवत नाही, हा त्या पुस्तकातला सगळ्यात मोठा दुष्टपणा. पाचव्या भागात गडावरची माणसं पानावर बसतात, आज आमटीला चव का नाही म्हणतात, आणि कुणालाच कळत नाही. मी तिथे पुस्तक मिटलं आणि थेट गव्हाच्या पिंपात नेऊन टाकलं. संध्याकाळी आत्याबाईंनी ते काढलं, पदराने झटकलं आणि माझ्या हातात दिलं. मीही मुकाट्याने पान शोधलं. हा माझा दुबळेपणा.

आमची वाचनाची बैठक तू पाहिली नाहीस, म्हणून सांगते. आबांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू आता चांगलाच पिकला आहे. वर्तमानपत्र ते हातात धरतात ते केवळ सवयीने. म्हणून वाचायचं मी. आग्र्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हा मुलींना मोठ्याने वाचायला शिकवलं ते पाठ ताठ ठेवून. वाचणाऱ्याने रडायचं नाही, रडायचं ते ऐकणाऱ्यांनी, असा त्यांचा दंडक होता. मी जन्मभर तो पाळला. पलीकडे आबांची आरामखुर्ची, जमिनीवर आत्याबाई वाती वळत, आणि कचेरी सुटली की घरी न जाता परस्पर इथेच येणारे शेजारचे रमाकांत.

खरा घोटाळा आत्याबाईंनी केला. त्या पोथ्या ऐकत वाढलेल्या. पोथीत कुणी मरत असेल, बंदीत पडलं असेल, वनवासाला निघालं असेल, तर तिथे पोथी मिटायची नाही. पुढे वाचत जायचं आणि सुखाच्या ओळीवर थांबायचं. नाहीतर ते दुःख ऐकणाऱ्याच्या घरात मुक्कामाला राहतं. हाच नियम त्यांनी अंधारगडालाही लावला. मी सांगून पाहिलं की ही कादंबरी आहे, हिला फळ नाही. त्या म्हणाल्या, ज्यात माणसं मरतात ती पोथीच. आता तूच सांग, तुझ्या लेखकाच्या पुस्तकात सुखाची ओळ शोधायची कुठे? एक वाचावा तर दुसरा खंदकात पडतो. दुसऱ्याला काढावं तर दोर कापणारा त्याचाच भाऊ निघतो. आम्ही सुखाची वाट बघत वाचत राहायचो आणि चुलीवरची आमटी आटून जायची. रमाकांतांच्या घरून बोलावणं यायचं. ते टोपी हातात घेऊन दारात उभे, पण पाय निघायचा नाही. एकदा अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, “काकी, ये तो हद हो गई. आता कुणी उरलंय का मरायला?”

शेवटी आम्ही तोड काढली. पहिल्या भागात एक पान आहे. पावसाळ्यात नदी फुगलेली असते आणि सेनापती आपल्या लहानग्या मुलाला फेट्याने पाठीशी बांधून घोडा पाण्यात घालतो. मुलगा विचारतो, घोडा बुडाला तर? सेनापती म्हणतो, हे घोड्याला ऐकू जाऊ देऊ नकोस. मग ते पार होतात आणि पलीकडच्या काठावर बैलगाडीत बसलेली मुलाची आई दोघांनाही मारायला धावते. साऱ्या सहा भागांत ज्यात कुणीही मरत नाही असं हे एवढंच पान. रोजचं वाचन कुठेही तुटो, शेवटी हे पान वाचायचं आणि मग उठायचं, असं ठरलं. आत्याबाईंचं समाधान झालं. आबा ते पान ऐकताना नेहमी खिडकीकडे तोंड करून बसत.

तू विचारशील, एवढा त्रास होतो तर वाचता कशाला? मीही स्वतःला हेच विचारते. रागाने माझं डोकं दुखतं, झोपेत सावट येतं, सकाळी दूधवाल्यावर उगीच डाफरते. पण सूर्या, या आठ वर्षांत इथे किती काय संपलं. राज्य गेलं, आबांचा रिसाला मोडला, राजधानी अर्धं वर्ष इथे आणि अर्धं इंदूरला अशी पाहुणीसारखी राहिली, आणि आता तीही भोपाळला गेली. यातलं काहीच रडण्यासारखं नव्हतं. जे व्हायला हवं होतं तेच झालं, हे मला समजतं. म्हणून कुणी रडलंच नाही. जाणाऱ्या गोष्टीचं सुतक कुणी धरलं नाही. मग असं एक पुस्तक येतं, त्यात दारामागून दार पडतं, आणि आरामखुर्चीतला एक निवृत्त रिसालदार एका आचाऱ्यासाठी डोळे पुसतो. मोतीबिंदूने पाणी येतं म्हणतो. त्याला कुणी हसत नाही. तुझ्या लेखकाचा मला कितीही संताप आला तरी एवढं त्याच्या पदरात घालते.

चौथ्या भागाची गोष्ट मात्र तुला कधी कळवली नाही. त्यात फितूर राजपुत्र सेनापतीला म्हणतो, “तू जन्मभर दुसऱ्याच्या दारात उभा राहिलास. आता दारच राहिलं नाही.” हे वाक्य वाचताना माझी पाठ वाकली. हे मी आधी ऐकलं होतं, आपल्याच स्वयंपाकघरात. राज्य विलीन झालं त्या दिवशी तू बाड्याच्या चौकात पेढे वाटून आला होतास. आनंद व्हावा असाच दिवस होता, मलाही झाला होता. आबा पागेतून आले ते रोजच्यासारखे पानावर बसले. पण गप्प होते, आणि तुला त्यांचं गप्प बसणं सहन झालं नाही. तू ते वाक्य बोललास. त्यांनी हात धुतला आणि ते जेवत्या पानावरून उठले. दुसऱ्या दिवशी तू पुण्याला निघून गेलास. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक पत्रात शेवटी ‘आबांना नमस्कार’ असतो, आणि मी तो मोठ्याने वाचून दाखवते, आणि ते मान हलवतात. हे तुमचं बोलणं. मला तुम्हा दोघांचा कसा कंटाळा आला आहे, हे मी कुठल्या भाषेत सांगू?

पुस्तकात सेनापती उत्तर देतो. “दार कुणाचंही असो. आत निजलेली माणसं माझी होती.” इथे माझा आवाज फुटला. सिस्टर असत्या तर त्यांनी मला कोपऱ्यात उभं केलं असतं. रमाकांतांना वाटलं मला पडसं झालंय. आत्याबाईंचे हात वातींवर थांबले. आबा एवढंच म्हणाले, “वाच पुढे.” मी वाचलं. मला वाटलं, त्यांच्या काही लक्षात आलेलं नाही, आणि ते तसंच राहू द्यावं. नदीच्या पानावरच मी तुझा लेखक ओळखला होता, रे. बैलगाडीत बसलेली ती बाई मीच होते. सिंध नदीच्या काठावर, नरवरच्या लग्नाला जाताना, तुम्हा बापलेकांच्या नावाने देव पाण्यात घालून बसलेली. पण तू टोपणनाव घेतलंस, मित्राचं म्हणून पुस्तक पाठवलंस, म्हणून मीही मुकाट्याने ‘तो लेखक, तो लेखक’ करत राहिले. आई झाले म्हणून मला एवढंही नाटक येऊ नये काय?

आता मागच्या आठवड्याचं. रमाकांतांच्या कचेरीची कपाटं लॉरीत चढली आणि त्यांची बदली भोपाळला झाली. जाताना त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला आणि मला बजावलं, काकी, सातवा भाग आला की सेनापतीचं काय झालं ते एका ओळीने कळवा, तिकडे मला कुणी वाचून दाखवणार नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीला आम्ही तिघंच. मी सहाव्या भागाचा तो मेला शेवट पुन्हा वाचला. सगळा दरबार गाड्या जुंपून डोंगरापलीकडच्या नव्या नगराला निघून जातो, आणि हा म्हातारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात राहतो. मग नेहमीप्रमाणे नदीचं पान काढलं. ‘सेनापतीने डोक्यावरचा लाल फेटा सोडला’ असं वाचलं, आणि आबा खिडकीकडे बघतच म्हणाले, “लाल नव्हता. हिरवा होता.”

मी थांबले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनाही ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे एका घरातली तीन माणसं, परक्या माणसासमोर घरातलं उघड नको म्हणून, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून रोज संध्याकाळी समोरासमोर बसत होती. तुझ्या अंधारगडावरही इतका मूर्खपणा कुणी केलेला नाही.

आणि आता हे पत्र का लिहिते ते. डॉक्टर संक्रांतीनंतर डोळ्यांवर शस्त्रक्रिया करू म्हणतात. आबा दोन वर्षं नाही म्हणत आले, बघायचं काय राहिलंय म्हणून. त्या संध्याकाळी, फेट्याचा रंग सांगून झाल्यावर, त्यांनी तोंड खिडकीकडून माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, “सेनापतीला मारायचं असेल तर खुशाल मार म्हणावं. शिपायाला त्याचं काही नाही. पण ते पान तू वाचू नकोस. ज्यानं लिहिलंय त्यानं येऊन वाचावं.” दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून डॉक्टरकडे निरोप पाठवला की तारीख धरा. तेव्हा सूर्या, तू ये. सातवा भाग छापून झाला नसेल तर हाताने लिहिलेला आण, लिहून झाला नसेल तर झाला असेल तेवढा आण. शस्त्रक्रियेनंतर त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून मुळीच न हलता पडून राहायचं आहे. त्यांना पानावरून उठून जाता येणार नाही, आणि तुम्हा दोघा हट्टी माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. यापेक्षा सोयीची वेळ मी कुठून आणू? सहावा भाग आत्याबाईंनी मिटू दिलेला नाही. देवाजवळच्या पाटावर तो शेवटच्या पानावर उघडा पडला आहे, वाऱ्याने उलटू नये म्हणून वर सुपारी ठेवली आहे, आणि रोज झाडताना मला ती उचलून ठेवावी लागते. कुठे थांबायचं ते आत्याबाई सांगतील, त्यांच्याशी वाद घालू नकोस. आणि वाचताना आवाज फुटला तर फुटू दे. सिस्टरांचं मी बघून घेईन.

वैतागलेली, पण तुझीच,
आई