आईंचं सोडियम

अवधूत,

फोन लागत नाहीये, मीटिंगमध्ये असशील. आईंना अ‍ॅडमिट करायला चाललेय, मल्लेश्वरमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच. सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम एकशे सोळा, हवं असतं एकशे पस्तीसच्या वर. डॉक्टर म्हणाले, बीपीच्या गोळीने लघवीतून मीठ जातंच, त्यावर आळणी जेवण आणि तांब्यातांब्याने पाणी, त्याने मेंदूला सूज येते. आळणी तू ठरवलंस, पाण्याचा आग्रह माझा. भांडण घरी आल्यावर करू.

गेला आठवडा आई मला जवळ बसवून 'गुणाची सून माझी' म्हणत होत्या. तिथेच मला शंका यायला हवी होती. मी आपली खूश होऊन ऐकत बसले. आज मात्र त्या मला विचारतायत, 'तुम्ही कुणाच्या?'

सलाईनने मीठ अगदी हळूहळू चढवणार आणि पुन्हापुन्हा रक्त तपासणार. घाई केली तरी धोका, आणि मध्येच आकडी आली तर आयसीयू. किल्ली समोरच्या अक्कांकडे आहे. आईंचा चष्मा आणि स्वेटर घेऊन ये.

सोडियम चढलं की पहिला टोमणा मलाच बसेल. तो ऐकल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.

मुग्धा