आत्याचे हात

४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीची खोकल्याची ढास थांबली का? इथे मी ठणठणीत आहे, पण डोकं तापलेलं आहे.

मागे तुला लिहिलं होतं, की आमच्या वाचनालयाच्या समितीने जुनी पुस्तकं एका कंपनीला फोटो काढायला दिली. घरबसल्या सगळ्यांना फुकट वाचता येतील, असं तेव्हा चिटणीस छाती फुगवून सांगत होते. आता पडद्यावर पहिली चार पानं दिसतात आणि पुढे वर्गणी मागतात. मूळ पुस्तकं परत आली, पण ‘जीर्ण’ असा शिक्का मारून मागच्या खोलीत कुलूपबंद. किल्ली चिटणिसांच्या खिशात.

त्यात आजोबांचं ‘हातखुणा’ हे पुस्तकसुद्धा आहे. एक शिवणकाम करणारी बाई मुलीला घेऊन दर आठवड्याला यायची. मुलीला ऐकू येत नाही. आजोबांची चित्रं पाहून दोघी टेबलाशी बसून खुणा शिकायच्या. परवा तिला कंपनीची वर्गणी भरा म्हणून परत पाठवलं. आणि आजोबांच्या प्रत्येक चित्राखाली कंपनीने छापलंय, ‘सर्व हक्क राखीव’. कोणी राखले रे? आजोबांना जाऊन इतका काळ लोटला, की कायद्याने त्या पुस्तकावर आता कोणाचाच हक्क नाही. तुझा नाही, माझा नाही. ते सगळ्यांचं आहे.

मी आपल्या घरातली प्रत काढली, पानन् पानाचे फोटो घेतले आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले. आत्याला नमस्कार सांग. रागावू नकोस.

तुझी,
चिमी

१२ जानेवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस म्हणतेस आणि रागावण्याजोगंच करतेस. कायद्याचं तुझं म्हणणं बरोबर आहे, पण बरोबर असणं आणि नोकरी टिकवणं यात फरक असतो, हे मी वकील म्हणून रोज पाहतो. करार समितीने केलाय. तू तिथली पगारी ग्रंथपाल. आधी मला विचारायचं होतंस. ते फोटो तूर्त काढून टाक. मी सवडीने समितीला रीतसर लिहितो.

आत्याने तुझं पत्र माझ्या हातातून ओढून वाचलं. तेव्हापासून जेवताना माझ्याकडे पाहत नाही. वहिनीचा खोकला बरा आहे.

तुझा,
दादा

१९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी सवड तुझ्याजवळच ठेव. कंपनीची नोटीस आली: मी त्यांची मालमत्ता चोरली म्हणे! समितीने मला काउंटरवरून उठवून तळघरात बाइंडिंगला बसवलंय. चिटणीस म्हणाले, लोकांना फुकटची किंमत नसते. मी विचारलं, मग हे वाचनालय कशासाठी बांधलं? त्यावर त्यांनी चष्मा पुसला.

फोटो मी काढून टाकणार नाही. तू लहानपणी माझ्या वतीने शेजारच्या पोरांशी मारामारी करायचास. तो दादा कुठे गेला, एवढं कळव.

तुझी,
चिमी

२७ जानेवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आत्या उठली, साडी बदलून आली आणि दारात चपला घालून उभी राहिली. कंपनीचं मुख्य कार्यालय आमच्याच शहरात आहे. जावंच लागलं.

व्यवस्थापक तरुण होता, सभ्य होता. मी कायदा सांगितला: मुदत संपलेल्या पुस्तकाचे फोटो काढले म्हणून नवा हक्क लागत नाही. तो म्हणाला, विधी विभागाला विचारतो. तेवढ्यात आत्याने त्याचा पडदा आपल्याकडे वळवला. त्यावर आजोबांचं एक चित्र उघडून त्याच्याशेजारी स्वतःचा हात धरला. तिची वाकडी करंगळी तुला ठाऊक आहे. चित्रातली करंगळीही तशीच वाकडी. इतकी वर्षं मी ते पुस्तक पाहत आलोय, पण मला कधी दिसलं नव्हतं. मग ती हातांनी बोलली आणि मी मोठ्याने सांगत गेलो:

“हे माझे हात आहेत. मला बोलता यावं म्हणून माझ्या वडिलांनी ते काढले. यांना कुलूप लावायला तुम्हाला कोणी सांगितलं?”

नोटीस मागे घेत असल्याचं व्यवस्थापकाने तिथेच लिहून दिलं. फोटो राहू देत. माझा आधीचा सल्ला फाडून टाक.

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आत्याच्या हातांना माझा नमस्कार. पण माझा राग गेलेला नाही. आजोबांचं पुस्तक सुटलं, कारण आत्या जिवंत आहे. बाकीच्या पुस्तकांसाठी असा हात पुढे करायला कोण येणार? आणि का यावं लागावं?

हेच काल सभासदांच्या सभेत बोलले. चिटणीस कराराचे फायदे सांगू लागले, तेव्हा ती शिवणकाम करणारी बाई उठली. वर्गणी भरून आत यायचं असेल तर दारावरची ‘सार्वजनिक’ ही अक्षरं उतरवा, म्हणाली. मत घेतलं. करार मोडायचं ठरलं, थोडक्या मतांनी का होईना. कंपनीने बाकीची पुस्तकं पडद्यावर अजून अडवून ठेवली आहेत. तिच्याशी भांडण तुझ्याकडे सोपवते. मागची खोली मात्र आम्ही तेव्हाच उघडायला लावली आणि रांग लावून पुस्तकं हातोहात कपाटांपर्यंत आणली. धुळीने सगळे शिंकत होते आणि कोणी घरी जायला तयार नव्हतं.

मी पुन्हा काउंटरवर आहे. चिटणीस माझ्याशी बोलत नाहीत. मलाही घाई नाही.

लोभ आहेच, तो वाढव. सल्ले कमी कर.

तुझी,
चिमी