तिसरीचा फॉर्म

दादा,

नमस्कार लिहावासा वाटला नाही, म्हणून लिहिला नाही.

तुमची बहीण जाऊन नऊ दिवसही झाले नव्हते आणि तुम्ही माझ्या मुलीसाठी तुमच्या शाळेचा फॉर्म घेऊन आलात. "घरातली शाळा पुरे झाली. आता तरी पोरीला माणसांत येऊ दे," म्हणालात. पोर दहा वर्षांची, आणि फॉर्मवर वर्ग तिसरी. तिला काय येतं, हे मुख्याध्यापक असून तुम्ही विचारलंही नाहीत. चहा मात्र दोनदा घेतलात.

तुमची बहीण शिकवताना स्वतःला काहीच येत नसल्याचं सोंग घ्यायची आणि पोर तिला समजावून सांगायची. तुम्हाला ते सोंगसुद्धा जमलं नसतं.

काल तिच्या जागी मी बसलो. अपूर्णांकांचा भागाकार होता. "बाबा, आईसारखं मुद्दाम चुकू नका ना," पोर म्हणाली. मी मुद्दाम चुकत नव्हतो. तिच्या ते लक्षात आलं. मग तिने न हसता, पहिल्यापासून, हळूहळू समजावलं.

तुमचा फॉर्म भरणार नाही. हे पत्रही पाठवणार नाही. तुम्ही त्यातलं फक्त शुद्धलेखन तपासाल. उद्या सकाळी आम्हाला दशांश चिन्ह आहे.

तुमच्या बहिणीचा नवरा